पाच खापऱ्या

सोमवार, ४ फेब्रुवारी

आज विभागाच्या दारावर नवीन पोस्टर लागलं. संगमरवरी रोमन सेनापतीचं डोकं, त्याच्या डोळ्यांवर काळा गॉगल, आणि खाली लाल अक्षरांत, 'ज्यांनी साम्राज्य चालवलं त्यांच्याकडून कंपनी चालवायला शिका! दोन दिवसांचं शिबिर.' त्याच्याही खाली बारीक अक्षरांत 'ग्रीक लिपीची ओळख' आणि पुढे, या वेळी पहिल्यांदाच, माझं नाव. मला न विचारता!

मला खरंच मळमळलं. लिहायचं म्हणून लिहीत नाही, पोटातून वर आलं.

हे शिबिर टोगा घेतो. टोगा म्हणजे आमच्याकडे रोमन राजकारण शिकवणारा सहकारी. रोमन लोक अंगाभोवती गुंडाळत त्या पांढऱ्या वस्त्राचं हे नाव त्याला मीच ठेवलं आणि आता सगळं कॉलेज त्याला पाठीमागे त्याच नावाने ओळखतं. शिबिरात हा गृहस्थ अंगाला पांढरी चादर गुंडाळून उभा राहतो, हात उंचावून 'मित्रांनो, नागरिकांनो' करतो आणि समोर बसलेले कंपन्यांचे मॅनेजर फोटो काढतात. मी वीस वर्षं ग्रीक शिकवते आहे, माझा कुणी एक फोटो काढलेला नाही. काढू नयेच.

मी तडक त्याच्या खोलीत गेले. तो फुंकर घालत गरम चहा पीत होता.

"मॅडम, एकच तास आहे हो," तो म्हणाला. "तुम्ही स्वतः आलात तर शोभा येईल."

"चादर गुंडाळून?"

"चादर मी गुंडाळतो. तुम्ही आहात तशाच या."

"मी मेल्यावर."

"बरं, मग मीच घेतो तो तास. पण तुमच्या नावावर राहू दे, हं? कागदावर बरं दिसतं."

कागदावर बरं दिसतं! या माणसाचं सगळं आयुष्यच कागदावर बरं दिसण्यात चाललंय. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. माझा नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या किडक्या दाढांत बोटं घालतो आणि घरी शीळ वाजवत येतो. मी दिवसभर अडीच हजार वर्षांपूर्वीचं निर्मळ गद्य वाचते आणि घरी येते ती तोंड वाकडं करूनच. कुठेतरी काहीतरी उलटं झालंय.


गुरुवार, ७ फेब्रुवारी

प्राथमिक ग्रीकचा तास. तीन विद्यार्थी. एक झोपाळू, एक वहीत माझीच चित्रं काढणारा, आणि एक परिचारिका, जी रात्रपाळी संपवून थेट वर्गात येते, पायांत दवाखान्यातलेच बूट. ही एकटी प्रश्न विचारते. कधीकधी फार विचारते.

आज खापऱ्यांच्या हद्दपारीचा उतारा घेतला. अथेन्समध्ये वर्षातून एकदा लोकांना विचारत, कुणाला शहराबाहेर घालवायचं आहे का? लोक हो म्हणाले, तर ठरलेल्या दिवशी प्रत्येकजण फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर एक नाव ओरखडून आणी. पुरेशी माणसं जमली तर ज्याच्या नावाच्या खापऱ्या सगळ्यांत जास्त, त्याने दहा दिवसांत शहर सोडायचं आणि दहा वर्षं परत यायचं नाही.

"पण त्याने केलेलं काय असायचं?" परिचारिकेने विचारलं.

"काही केलेलं असायलाच हवं असं नाही. आरोप नाही, खटला नाही, वकिलांची भाषणं नाहीत."

"म्हणजे बचावही नाही?"

"नाही. म्हणूनच स्वच्छ. त्याची जमीन जात नसे, घर जात नसे, अब्रू जात नसे. फक्त तो जात असे."

तिने मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. मग मी विहिरीची गोष्ट सांगितली. उत्खननात एका विहिरीत खापऱ्यांचा ढीग सापडला, सगळ्यांवर एकाच माणसाचं नाव आणि अक्षर मोजक्याच हातांचं. कुणीतरी आधीच नावं कोरून वाटायला तयार ठेवली होती.

"ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या सोयीसाठी असतील, मॅडम."

"सोय कसली? शुद्ध नीचपणा," मी म्हटलं. चित्रं काढणाऱ्याने तेवढ्यात वहीत माझा उघडा जबडा काढला.

आमच्या विभागातही ही प्रथा आहे, गंमत म्हणून. विभाग ज्यांनी सुरू केला त्या आमच्या म्हाताऱ्या सरांनी पाडलेली. ते गेले, प्रथा राहिली. दर मार्चमध्ये आम्ही एक फुलझाडाची कुंडी फोडतो आणि प्रत्येकजण एका खापरीवर ग्रीक अक्षरांत एक नाव लिहितो. ज्याच्यावर जास्त खापऱ्या, त्याला दहा दिवसांची हद्दपारी, म्हणजे उत्तरपत्रिका तपासण्यातून सुट्टी. येताना त्याने सगळ्यांसाठी काहीतरी गोड आणायचं. गेल्या वर्षी माझा नंबर लागला होता. नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन होतं तेव्हाच, त्यामुळे बरंच झालं. टोगाने सगळ्यांच्या मागे लागून माझं नाव लिहायला लावलं होतं म्हणे. दहा दिवस मी नजरेसमोर नको, दुसरं काय.


बुधवार, १३ फेब्रुवारी

बैठक झाली. पाच जणांपैकी एकाची जागा जाणार.

विभागप्रमुखांनी ही बातमी कशी सांगितली ते लिहून ठेवते. हा माणूस म्हणजे ओला टॉवेल. टाकाल तिथे पडून राहतो आणि त्याला वास येतो. आधी खिडकीकडे पाहून हवेबद्दल बोलले. मग म्हणाले, "वरून असं आलंय की, म्हणजे तसा विचार आहे की, मार्चअखेर मला एक नाव पाठवायचं आहे. गोपनीय अहवाल जोडून."

आमच्याकडे प्राचीन विचार शिकवणारा एक सहकारी आहे, त्याला मी सुस्कारा म्हणते. सुखदुःख सारखंच मानावं असं पोरांना शिकवतो आणि कँटीनमधला चहा गार निघाला तर त्याचे डोळे भरून येतात. त्याने एक लांब सुस्कारा सोडला. विभागाच्या ग्रंथपालबाई चष्मा पुसत राहिल्या. टोगाने टेबलाकडे पाहिलं.

गोपनीय अहवाल! म्हणजे ओला टॉवेल बंद दाराआड बसून चौघांबद्दल घाण लिहिणार आणि उद्या आम्हाला पाहून हसणार. मी उभी राहिले.

"खापऱ्या घ्या," मी म्हटलं. "आपली प्रथा आहेच. उघड, एका दिवसात. ज्याच्यावर जास्त, त्याचं नाव पाठवा. अहवाल नको, आरोप नकोत."

ओल्या टॉवेलचा चेहरा असा उजळला की मला माझ्याच सूचनेची क्षणभर घाण वाटली. "लोकशाही!" ते म्हणाले. "वा! मार्चची पंधरा तारीख ठेवू या? ऐतिहासिक दिवस आहे." आणि स्वतःच हसले. त्या तारखेला रोममध्ये भर सभेत खून पडला होता, त्याची ही कोटी. फक्त टोगा म्हणाला, "मला हे बरोबर वाटत नाही." त्याचं कुणी ऐकलं नाही. चादर नसली की त्याचं कुणी ऐकत नाही.


गुरुवार, १४ फेब्रुवारी

टोगा माझ्या खोलीत आला. दार लोटून घेतलं. दाढी न केलेला.

"मॅडम, ते मागे घ्या. तुम्ही सुचवलंत, तुम्हीच मागे घेऊ शकता."

"का? घाबरलात?"

"हो."

एवढा सरळ कबूल करणारा माणूस मी पाहिला नाही. निर्लज्जपणाही इतका सरळ असतो.

"तो खेळ म्हणून छान आहे," तो म्हणाला. "दहा दिवसांनी माणूस मिठाई घेऊन परत येतो. ह्यातून कुणी परत यायचं नाही."

"तुमची शिबिरं आहेत की. तुम्हाला कसली चिंता?"

"तेच म्हणतोय मी. शिबिर कुठेही घेता येतं, मॅडम. ग्रीक तुम्ही कुठे शिकवणार?"

म्हणजे धमकी! मधात घोळवून दिली तरी धमकीच. तुझे तीन विद्यार्थी आहेत, तुझंच नाव येणार, आधीच शरण ये. मी उठून दार उघडलं. तो गेला. खोलीत त्याच्या कसल्यातरी फुलांच्या अत्तराचा वास राहिला, म्हणून खिडकीही उघडली.


शुक्रवार, २२ फेब्रुवारी

मी प्रचार करत नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण आज सुस्काऱ्याशी जे बोलले त्याला कुणी प्रचार म्हणू शकेल.

जिन्यात भेटला. सहज विषय निघाला. म्हणजे मी काढला. मी एवढंच विचारलं, की आपण इथे विद्या शिकवतो की तमाशा? तो म्हणाला, "तसं पाहिलं तर..." आणि थांबला. त्याचं प्रत्येक वाक्य तिथेच थांबतं. मी म्हटलं, उद्या तुमच्या विषयाचंही शिबिर होईल. 'दोन दिवसांत मन:शांती, जेवणासहित.' मग तुम्ही चादर कुठल्या रंगाची घेणार? त्याचे डोळे भरले.

"मला कुणाचंच नाव लिहवणार नाही," तो म्हणाला. "माझा हात कापतो."

"मग मी लिहून देते. तुम्ही नुसती टोपलीत टाका."

त्याने सुस्कारा सोडला. होकारच तो. याहून मोठा होकार त्याच्या अंगात नाही. बिचाऱ्याच्या सोयीसाठी केलं. त्यात काही नाही.


मंगळवार, ५ मार्च

जेवणावरची वासनाच गेली आहे. दोन्ही खापऱ्या लिहून ठेवल्या, माझी आणि सुस्काऱ्याची. जुन्या कुंडीच्या काठाचे तुकडे घेतले, अक्षर नीट उठतं. एकावर अक्षरं मुद्दाम तिरकी काढली.

नवऱ्याने त्या ओट्यावर पाहिल्या. त्याला ग्रीक येत नाही, पण डोळे आहेत. "दोन्हींवर एकच नाव ना?" त्याने विचारलं.

"हो."

"मागच्या वर्षी दवाखान्यात भेटायला आला होता तोच ना हा? फळांची एवढी मोठी टोपली घेऊन? तू व्हरांड्यात पेपर वाचत बसली होतीस."

"टोपली मिरवायला आला होता."

"अगं, मी पालथा पडलो होतो. मिरवणार कुणासमोर?"

नवरे लोकांना माणसं कळत नाहीत, दातच कळतात.


शुक्रवार, १५ मार्च

झालं.

सगळं नीट क्रमाने लिहिते. विभागाच्या वाचनालयात लांब टेबलाभोवती बसलो. ओल्या टॉवेलने स्वतः कुंडी आणली होती आणि ती फुटता फुटेना. तीनदा हातोडी मारली. शेवटी ग्रंथपालबाईंनी ती घेतली आणि जिन्यावरून खाली सोडली. दरवर्षी या वेळी आम्ही टाळ्या वाजवतो. आज माती झाडायला सगळे एकदम वाकलो, कुणी कुणाकडे पाहू नये म्हणून.

मी आणि सुस्काऱ्याने तुकडे उचलल्यासारखं केलं आणि आपापल्या खिशातल्या खापऱ्या टोपलीत टाकल्या. त्याची हातातून निसटून टेबलावर पडली, नाव वर. टोगाच्या समोरच. टोगाने ती पाहिली, उचलली, हळूच टोपलीत ठेवली आणि म्हणाला, "असू दे सर, होतं असं." मग स्वतःच्या खापरीवर वाकून लिहीत बसला. फार वेळ लावला. मला वाटलं, आता माझं नाव नक्षी काढून लिहितोय.

ओल्या टॉवेलने मोजणी केली. पहिली खापरी, मी. दुसरी, मी. माझे कान तापले. पाच जणांत दोन माणसं माझ्यावर! वीस वर्षं ज्यांच्याबरोबर चहा प्यायले. मग तिसरी, टोगा. चौथी, टोगा. मग ओला टॉवेल थांबला, खापरी उलटसुलट करून पाहिली, टोगाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"वाचा ना," टोगा म्हणाला.

पाचवीवरही टोगाच. आणि अक्षर त्याचंच. त्याचं ते गोलमटोल, चुकीच्या जागी स्वरचिन्हं देणारं अक्षर मी लाखांत ओळखीन.

स्वतःचंच नाव! शेवटच्या घटकेलाही नाटक. आपण केवढे उदार, केवढे रोमन, हे सगळ्यांनी पाहावं म्हणून. मला इतकी शिसारी आली की मी टेबलावरून उठून बेसिनपाशी जाऊन हात धुतले. हातांना माती लागली होती म्हणून धुतले, पण साबण दोनदा लावला.

परत आले तेव्हा टोगा सगळ्या खापऱ्या गोळा करून टोपलीत भरत होता. "दहा दिवस आहेत ना मला?" त्याने हसत विचारलं. सुस्कारा रडत होता.

मी जिंकले. विभाग स्वच्छ झाला. जेवले नाही.


सोमवार, २५ मार्च

टोगाची खोली रिकामी. पोस्टर निघालं, भिंतीवर चार कोपऱ्यांत गोंदाचे डाग राहिले. जाताना त्याने प्रत्येकाच्या टेबलावर एक एक पेढ्याएवढी गोड वडी ठेवली होती, कागदात गुंडाळून. प्रथेप्रमाणे गोड परत आल्यावर आणायचं असतं. त्याने जाताना दिलं. साधा क्रमसुद्धा पाळता येत नाही.

माझी वडी मी झोपाळू विद्यार्थ्याला दिली. तो जागा झाला.


मंगळवार, २ एप्रिल

आज वाचनालयात ग्रंथपालबाईंशी वाजलं. विषय क्षुल्लक. मला हवा असलेला शब्दकोश जागेवर नव्हता आणि मी म्हटलं, की आता टोगा नाही तर निदान पुस्तकं तरी जागेवर राहावीत. बाईंनी हातातली पुस्तकं खाली ठेवली.

"मॅडम, त्या दिवशी तुमच्यावर तीन पडायच्या होत्या."

"म्हणजे?"

"एक माझी. लपवत नाही. तुम्ही नुसतं पाहिलंत तरी माणसाला घरी जाऊन आंघोळ करावीशी वाटते. एक विभागप्रमुख साहेबांची. आणि तिसरी टोगासरांची ठरली होती. साहेबांनी माझ्यासमोर त्यांना सांगितलं, तिचे विद्यार्थी तीन, वरूनही तिचंच नाव सुचवलंय, तुम्ही फक्त लिहा, तुमची जागा पक्की. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. नुसतं विचारलं, बाकीच्या दोन कुणावर पडणार? साहेब म्हणाले, तुमच्यावर. ते म्हणाले, बरं."

मी म्हटलं, हे खोटं आहे.

"त्यांचं एक मत तुमच्यावर पडलं असतं तर तुम्ही गेला असता. पाचच खापऱ्या होत्या, मॅडम. तुम्हाला ग्रीक येतं, बेरीज येत असेल."

मी शब्दकोश न घेताच आले. खोटं आहे. बाईंचा टोगावर जीव होता, त्यांच्या मुलीच्या लग्नात तो नाचला होता. ओला टॉवेल असं बोलला असेल, त्याच्याकडून कसलीही अपेक्षा आहे. पण टोगाने का करावं? आयतं मिळत असलेलं कोण सोडतं? माणसं अशी नसतात. मी इतकी वर्षं माणसं पाहते आहे, ती अशी नसतात.

नवऱ्याला सांगितलं. तो नेहमीसारखा हसला नाही. "शिबिर कुठेही घेता येतं," एवढंच म्हणाला. मीच त्याला ते वाक्य सांगितलं होतं, धमकी म्हणून, चेष्टा करत.


सोमवार, ८ एप्रिल

वरच्या कार्यालयातून बोलावणं आलं. तिथल्या अधिकारी बाई तरुण आहेत, माझ्याहून पुष्कळ. खुर्ची दिली, पाणी दिलं.

"तुमच्या शिबिराची तयारी कुठवर आली?" त्यांनी विचारलं.

"माझं शिबिर?"

"ग्रीक लिपीची ओळख. दोन वर्षं तुमच्या विषयाला विद्यार्थी पुरतात ते त्या शिबिरातल्या लोकांना धरूनच. नाहीतर तीन विद्यार्थ्यांचा वर्ग आम्ही केव्हाच बंद केला असता. तुमचे ते सहकारी दर सहामाहीला स्वतः येऊन सांगून जायचे, हा तास मॅडमचा आहे, त्यांच्या नावावर धरा म्हणून."

मी पाण्याचा पेला धरून बसले.

"वीस तारखेचं ठरलेलं आहे," बाई म्हणाल्या. "लोकांनी नावं नोंदवली आहेत. ते नाहीत, म्हणजे आता तुम्हीच घ्याल ना? नाही घेतलं तर जूनपासून प्राथमिक ग्रीक ठेवता येणार नाही. वाईट वाटतं सांगताना."

त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मला कुणाच्याही वाईट वाटण्यावर विश्वास ठेवायची सवय नाही, म्हणून मी फक्त "बघते" म्हटलं.

कागदावर बरं दिसतं. दोन वर्षं तो माणूस चुकीच्या उच्चारांनी माझा तास घेत होता आणि मी बाहेरून जाताना कान झाकत होते. हे वाक्य मी चार वेळा खोडून पुन्हा लिहिलं आहे. दुसरं काही लिहिता येत नाही.


गुरुवार, ११ एप्रिल

परिचारिका तास संपल्यावर थांबली.

"मॅडम, तो हद्दपारीचा उतारा. ज्यांना बाहेर घालवलं त्यांना दहा वर्षं झाल्याशिवाय परत घेतच नसत का?"

"घेतलं. एकदा शत्रू दाराशी आला तेव्हा बाहेर घालवलेल्यांना मुदतीआधीच बोलावून घेतलं."

"कोणी बोलावलं?"

"त्याच लोकांनी. ज्यांनी खापऱ्या लिहिल्या होत्या."

"आणि ते आले?"

"आले," मी म्हटलं. "आले आणि लढले."

"मी तर आले नसते," ती म्हणाली आणि बुटांची नाडी बांधत निघून गेली. रात्रभर जागलेल्या माणसाला एवढं स्पष्ट कसं दिसतं!


शुक्रवार, १९ एप्रिल

उद्या शिबिर. जायचं ठरवलं आहे. तीन विद्यार्थ्यांसाठी, असं नवऱ्याला सांगितलं. निदान एका बुटवालीसाठी.

विभागातल्या कपाटात टोगाची चादर सापडली. धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवलेली. मॅनेजर लोकांना चादर हवीच असते, असं अधिकारी बाई म्हणाल्या, तिच्यासाठीच ते फोटो काढतात. घरी आणली, आरशासमोर अंगावर घेतली. मला या वस्त्रावरचे सगळे जुने उल्लेख पाठ आहेत. कोण कसं नेसत असे, कुणाचं नेसणं शिंदळ दिसत असे, कुणाचं गावंढळ, सगळं सांगू शकते. नेसता येईना. डावीकडून घेतली तर उजवीकडून सुटे. नवऱ्याने दोन पिना लावून पाहिल्या, मग म्हणाला, "तू आंघोळीहून उठून आग लागली म्हणून पळाल्यासारखी दिसतेस."

मग तो म्हणाला, "ज्याला येतं त्याला विचार."

मी नाही म्हटलं. माझ्याच्याने होणार नाही म्हटलं. नवऱ्याने माझा फोन आणून पलंगावर ठेवला आणि तो बाहेर जाऊन भांडी घासू लागला. मुद्दाम आवाज करत घासत होता, मला एकांत मिळावा म्हणून.

फोन दुसऱ्या घंटेला उचलला गेला. मागे पोरांचा गलका होता. तो आता एका शाळेत शिकवतो, संध्याकाळी मैदानावरही थांबावं लागतं.

"मॅडम! बोला!" जणू काल भेटलो होतो.

मला बोलायचं होतं ते वेगळंच. मी म्हटलं, "ती चादर कशी नेसायची?"

तो गलक्यातून थोडा बाजूला गेला. म्हणजे त्याला सगळं कळलं. मग म्हणाला, "उभ्या आहात ना? फोन स्पीकरवर टाका, दोन्ही हात लागतील." आणि तो सांगत गेला. एक टोक डाव्या खांद्यावरून पुढे सोडा, पावलापर्यंत. बाकीची पाठीमागून फिरवा. नाही, घाई करू नका, सुरुवातीला मीपण पडायचो. आता उजव्या काखेखालून पुढे आणा. छातीवरून परत डाव्या खांद्यावर टाका. मागे एका पोराने कुणाला तरी ढकललं, त्याला हा म्हणाला, "अरे, त्याला खेळात घ्या, त्यालाही घ्या," आणि पुन्हा मला, "डाव्या हाताने वजन धरून ठेवा, म्हणजे सुटत नाही."

चादर बसली. आरशात मी उभी होते, आणि बरी दिसत होते, आणि मला माझ्याकडे पाहवेना. इतके दिवस ज्याची त्याची किळस करत फिरले, ती सगळी एकदम माझ्यापाशी येऊन थांबली होती.

"बसली का?" त्याने विचारलं.

"बसली."

"उजवा हात मोकळा राहिलाय ना? तो झाकू नका, मॅडम. लिहायला लागतो."